बुटीबोरी ते प्राग: एक कंटेनर ट्रक, रेल्वे, जहाज, परत रेल्वे असा नेमका जातो कसा

मागच्या पावसाळ्यात बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या कारखानदाराचा फोन आला. व्हॉल्व्ह बनवतात, माल आजवर पुणे-हैदराबादच्या पुढं गेलेला नाही, आणि अचानक हातात प्रागची ऑर्डर. पहिलाच प्रश्न, "भाऊ, प्रागला तर समुद्रच नाही, मग माल जहाजानं जाईल कसा?" मी म्हटलं, नागपूरला तरी कुठं आहे समुद्र, आपण झिरो माइलवाले. हसले. पण प्रश्न मुद्द्याचा होता, कारण दोन्ही टोकं जमिनीच्या पोटात असली की "पोर्टपर्यंत पोचवला की सुटलो" हा हिशोब चालत नाही.

त्यांना फोनवर आणि नंतर दोन-तीनदा चहावर जे सांगितलं तेच इथं क्रमानं लिहितोय. फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्यांचा माल परदेशी पोचवायची व्यवस्था करायच्या धंद्यात, सतरा वर्षं झाली, चुका भरपूर केल्यात, त्यातल्या काही पुढं येतीलच. उदाहरण त्यांचंच घेतो: एक वीस फुटी कंटेनर, १० पॅलेट (माल रचायचे पाट), त्यावर ४०० कार्टन, माल साधारण ८ टन. बुटीबोरीहून ट्रेलरनं नागपूरचा आयसीडी (जमिनीवरचं कोरडं बंदर), तिथून मालगाडीनं न्हावा शेवा, जहाजानं हॅम्बुर्ग, परत रेल्वेनं प्राग, आणि शेवटी ट्रकनं गिऱ्हाइकाच्या दारात.

मल्टिमोडल कशाला म्हणायचं

वाहनं बदलत माल नेणं तर बैलगाडी-तारवाच्या काळापासून चालत आलंय. मल्टिमोडल म्हणायचं ते कधी, तर सगळ्या प्रवासाचा करार एकच, कागद एकच आणि जबाबदार पार्टी पण एकच असते तेव्हा. ट्रेलर कुणाचा, रेक म्हणजे मालगाडी कुणाची, जहाज कुणाचं याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही, तुम्ही एकाच्या हातात माल दिला, तो प्रागला द्यायची जबाबदारी त्याची. त्याला मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट ऑपरेटर म्हणतात, धंद्यात नुसतं एमटीओ. आपल्याकडे यासाठी १९९३ चा कायदा आहे, आणि एमटीओला डायरेक्टर जनरल ऑफ शिपिंगकडे नोंदणी करावी लागते. फॉरवर्डर निवडताना पहिली गोष्ट हीच मागा, नोंदणी नंबर आणि त्याची मुदत, कारण व्हिजिटिंग कार्डावर एमटीओ कुणीही छापतो.

एक बारीक गोष्ट जी बऱ्याच जणांना ठाऊक नसते: हा कायदा भारतातून बाहेर जाणाऱ्या मालापुरताच आहे, माल भारतात ताब्यात घेतला आणि भारताबाहेर पोचवायचा असेल तरच लागू. तुम्ही जर्मनीहून मशीन मागवलं तर हा कायदा तुमच्या बाजूनं उभा राहत नाही, तिथं तिकडच्या कागदामागची बारीक अक्षरंच वाचावी लागतात. आणि जगभर एकच कायदा का नाही असं विचाराल तर प्रयत्न झाला होता, १९८० साली जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचं मल्टिमोडल कन्व्हेन्शन झालं, पण ते आजपर्यंत लागूच झालं नाही. त्यामुळं रस्त्याचा कायदा वेगळा, रेल्वेचा वेगळा, समुद्राचा वेगळा, आणि तुमचा माल त्या सगळ्यांमधून जातो.

आता माझा अनुभव विचाराल तर चालत्या गाडीत माल सहसा बिघडत नाही, बिघडतो तो हात बदलताना. कारखान्यातून ट्रेलरवर, ट्रेलरवरून रेकवर, रेकवरून यार्डात, यार्डातून जहाजात. मी याला सांधे म्हणतो. प्रत्येक सांध्यावर दोनच प्रश्न, आत्ता माल कुणाच्या जबाबदारीत आहे, आणि ते दाखवणारा कागद माझ्याकडं कुठला आहे. पुढचं सगळं याच दोन प्रश्नांभोवती.

रेट विचारायच्या आधी इनकोटर्म ठरवा

इनकोटर्म म्हणजे खर्च आणि धोका कुठवर विकणाऱ्याचा आणि कुठून पुढं गिऱ्हाइकाचा हे ठरवणारी आंतरराष्ट्रीय अट, तीन अक्षरांत लिहितात. त्या बुटीबोरीवाल्यांनी गिऱ्हाइकाला एफओबी न्हावा शेवा असा कोटेशन दिला होता, कारण "सगळे एफओबीच देतात". इथंच पहिली गडबड. एफओबीत धोका गिऱ्हाइकाकडं कधी जातो तर माल जहाजावर चढल्यावर. पण कंटेनर तर तुम्ही नागपुरातच आयसीडीत सोडला, त्यानंतर रेल्वेचे दिवस, पोर्टच्या यार्डातले दिवस, तिथं क्रेननं आपटला तरी धोका तुमचाच, आणि तुम्ही तिथं नाही, तुमचा माणूस नाही. इनकोटर्म्स २०२० मध्ये एफओबी, सीएफआर, सीआयएफ हे फक्त समुद्री मालासाठी आहेत, म्हणजे जो माल थेट जहाजाला लावून देता येतो तो. कंटेनरला एफसीए, सीपीटी, सीआयपी, डीएपी हे वापरा. एफसीए आयसीडी नागपूर लिहिलं की आयसीडीत कंटेनर हवाली केला तिथं तुमचा धोका संपला. भाडं तुम्ही भरणार असाल तर सीपीटी प्राग, विमाही तुमचाच तर सीआयपी प्राग. सीआयपीत २०२० पासून विमा सगळ्यात मोठ्या कव्हरचाच काढावा लागतो, क्लॉज ए, किमान ११० टक्के किमतीचा. आम्ही शेवटी सीआयपीवर नेलं, गिऱ्हाइक लगेच तयार झालं, त्याला पण नागपूरचा विमा शोधत बसायचं नव्हतं.

बुकिंग

रेट मागताना "प्रागचा रेट सांगा" असं नका विचारू. तुकडे करून मागा. इकडचा रेल्वे किंवा रोडचा खर्च, इकडचं टर्मिनल हँडलिंग, समुद्राचं भाडं, इंधनाचा सरचार्ज, तिकडचं हँडलिंग, तिकडची रेल्वे, डिलिव्हरीचा ट्रक, डॉक्युमेंट फी. नुसतं समुद्राचं भाडं स्वस्त दाखवून तिकडच्या टर्मिनलचे पैसे गिऱ्हाइकाच्या माथी मारायची पद्धत जुनी आहे, आणि मग तो तुम्हाला रात्री मेल टाकतो.

दुसरं विचारायचं, कॅरियर हॉलेज की मर्चंट हॉलेज. आयसीडीपासून पोर्टपर्यंतची रेल्वे शिपिंग लाइननं, म्हणजे जहाज कंपनीनं, लावली तर कॅरियर हॉलेज, मधे उशीर झाला तर निस्तरायचं काम तिचं. तुम्ही किंवा तुमच्या फॉरवर्डरनं लावली तर मर्चंट हॉलेज, थोडं स्वस्त पडतं पण जहाज चुकलं तर लाइन हात वर करते.

रेल्वे की रोड? नागपूर-न्हावा शेवाला हा प्रश्न आता खरा झालाय. समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला, त्यामुळं घाईच्या मालाला ट्रेलर सोपा पडतो. पण वजनदार वीस फुटीला मी अजून रेल्वेच सांगतो, आणि आयसीडीत कस्टम्स झालं की सही-शिक्क्यासाठी मुंबईला माणूस धाडायला लागत नाही. रेल्वेची अडचण एकच, रेक भरायला हवा. एका रेकमध्ये ४५ वॅगन, त्यावर ९० वीस फुटी कंटेनर बसतात, आणि ते ९० जमेपर्यंत तुमचा कंटेनर यार्डात ऊन खात बसू शकतो. म्हणून रेक कधी निघणार हे विचारू नका, मागचे चार रेक प्रत्यक्षात कधी निघाले ते विचारा.

तारखा उलट्या मोजा. जहाजाची तारीख घ्या, त्याच्या आधी पोर्टचं गेट कटऑफ (कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ), त्याच्या आधी रेल्वेचे दोन ते चार दिवस, वर पावसाळ्यात दोन दिवस जास्तीचे, त्याच्या आधी कस्टम्सचा एक दिवस, मग स्टफिंग, म्हणजे कंटेनर भरणं. हा हिशोब कागदावर लिहून कारखान्याच्या प्रॉडक्शनवाल्याच्या टेबलावर चिकटवा, कारण उशीर नव्वद टक्के तिथंच सुरू होतो.

आणि फ्री डेज, म्हणजे कंटेनर बिनभाड्यानं ठेवायचे दिवस, दोन्ही टोकांचे लेखी घ्या. कंटेनर टर्मिनलच्या आत जास्त दिवस पडून राहिला तर डेमरेज, तुमच्याकडं बाहेर राहिला तर डिटेन्शन. दोन्ही डॉलर-युरोत चढतं आणि दिवसागणिक चढतं.

सरकारी कागद

हे भराभर सांगतो कारण तुमचा सीएचए, म्हणजे कस्टम्स एजंट, हे करणारच आहे. आयईसी (आयात-निर्यातीचा नंबर) हवा, बँकेचा एडी कोड (परकीय चलनाच्या व्यवहारासाठीचा नंबर) आयसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, त्या त्या ठिकाणासाठी नोंदवलेला हवा, म्हणजे मुंबईसाठी केला असेल तरी नागपूर आयसीडीला वेगळा बघून घ्या. जीएसटी न भरता निर्यात करायची तर एलयूटी म्हणजे हमीपत्र, आणि ते दर आर्थिक वर्षाला नव्यानं द्यावं लागतं, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दरवर्षी कुणीतरी यावर अडकतोच. मग इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, आणि त्यावरून शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा अर्ज. त्याच्या मसुद्याची चेकलिस्ट आली की स्वतः वाचा, सीएचएच्या पोरावर सोडू नका. वजन, कार्टनची संख्या, एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा आकडा), गेटवे पोर्ट (माल देश सोडतो ते बंदर), एवढं तरी.

मालाचं वर्णन मोघम लिहू नका. युरोपात जाणाऱ्या कंटेनरची माहिती जहाजावर चढायच्या २४ तास आधी युरोपियन कस्टम्सला जाते, त्यात किमान सहा आकडी एचएस कोड आणि नीट वर्णन लागतं. "मशिनरी पार्ट्स" लिहिलं तर परत येतं. आम्ही लिहिलं, औद्योगिक पाइपलाइनसाठी स्टीलचे बॉल व्हॉल्व्ह, कोड ८४८१ नं सुरू होणारा. काम झालं.

कंटेनर दारात आला, आता घाई करू नका

ही पायरी मी सगळ्यात जास्त ताणतो, कारण इथून पुढं दार थेट प्रागला उघडतं.

रिकामा कंटेनर आला की भरायच्या आधी एक माणूस आत जाऊन उभा राहू दे, बाहेरून दारं पूर्ण लावा. आत अंधार झाला की वर बघायचं. कुठंही उजेडाचा ठिपका दिसला तर छताला भोक आहे, कंटेनर परत. एवढी साधी टेस्ट, दोन मिनिटं लागतात, आणि मी एकदा केली नाही. संध्याकाळचे साडेसात, ट्रेलरवाला ओरडून राहिला, लोडिंगवाली पोरं घरी जायच्या घाईत, म्हटलं जाऊ दे नवीन दिसतोय. सुईच्या टोकाएवढं भोक होतं उजव्या कोपऱ्यात. तिकडं उघडला तेव्हा त्या कोपऱ्यातल्या दोन पॅलेटचे खोके ओले होऊन बसले होते आणि आतल्या पार्टांवर गंज. विमावाल्यानं पहिलाच प्रश्न विचारला, भरायच्या आधी तपासला होता का, फोटो दाखवा. फोटो कुठं होता?

तर आता नियम असा की सहा फोटो हवेतच. रिकामा कंटेनर आतून, फरशी, दाराचं रबर, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला, आणि बंद दारावर सील नंबर दिसेल असा. कंटेनर नंबरही त्यात यायला पाहिजे, चार अक्षरं आणि सात आकडे. त्यातला शेवटचा चौकटीतला आकडा आधीच्या सगळ्यावरून गणितानं काढलेला असतो, त्यामुळं एक आकडा चुकला तर सिस्टिम पकडते, पण दोन कंटेनरांचे नंबर अदलाबदल झाले तर नाही पकडत, ते डोळ्यांनीच बघायचं.

फरशी कोरडी आहे का ते हात लावून बघा, आधीच्या मालाचा वास येतो का बघा. आपल्या मालाला वासाचं काय म्हणाल, पण वास म्हणजे कधी कधी ओल असते. नागपूरच्या उन्हात भरलेला गरम दमट कंटेनर थंड समुद्रात गेला की आतली वाफ छतावर जमून थेंब थेंब पडते, याला कंटेनर रेन म्हणतात. म्हणून ओल शोषणाऱ्या डेसिकंटच्या पिशव्या आत लटकवा, आणि धातूच्या मालाला गंजरोधक प्लास्टिकचं आवरण द्या. पैसे वाचवायची जागा ही नाही.

पॅलेट लाकडी असेल तर त्यावर आयएसपीएम १५ या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का हवाच, गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असतं आणि उष्णता दिल्याची खूण. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलेलं असतं, किडे मरावेत म्हणून. मोकळं डनेजचं लाकूड, म्हणजे फटी भरायला मारलेले ठोकळे, त्यांनाही शिक्का लागतो, हे विसरतात लोक. शिक्का नसेल तर युरोपात लाकूड जाळतील नाहीतर अख्खा माल परत धाडतील, खर्च तुमचा.

वीस फुटीत १ मीटर बाय १.२ मीटरचे दहा पॅलेट जमिनीवर बसतात. बसवताना जड माल एका बाजूला नको, पुढं-मागं सारखं वजन. जहाज आडवं हलतं, रेल्वे पुढंमागं धक्के देते, दोन्हीचा विचार करून लॅशिंग, म्हणजे पट्ट्यांनी बांधणी, करा. दाराशी मोकळी जागा सोडली आणि पट्टा मारला नाही तर तिकडं दार उघडणाऱ्याच्या अंगावर पॅलेट येऊ शकतं, ही गंमत नाही.

सील आणि वजन

कारखान्यात भरून सेल्फ सीलिंग करत असाल, म्हणजे सील स्वतःच लावत असाल, तर आरएफआयडी ई-सील (यंत्रानं वाचता येणारं सील) लावायचं, आपल्याकडं २०१७ च्या शेवटापासून ही पद्धत आहे. बोल्ट ठोकला की कट्ट असा आवाज येतो, मग एकदा ओढून बघा. नंबर शिपिंग बिलात, इन्व्हॉइसच्या मागं, आणि तुमच्या वहीत तिन्हीकडं तोच हवा. पुढं प्रत्येक सांध्यावर हाच नंबर बोलणार आहे. आयसीडीत सील जुळलं तर दार उघडायची गरज सहसा पडत नाही, पोर्टवरही तेच.

वजनाचं म्हणाल तर १ जुलै २०१६ पासून व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन, दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. दोन रस्ते आहेत, भरलेला कंटेनर काट्यावर घ्यायचा, किंवा माल अधिक पॅलेट अधिक डनेज अधिक लॅशिंग सगळं मोजून त्यात रिकाम्या कंटेनरचं दारावर छापलेलं वजन मिळवायचं. दुसऱ्यात लोक पॅलेटचं वजन विसरतात. दहा पॅलेट म्हणजे दोन-अडीचशे किलो सहज. मी सरळ काट्यावरच घ्यायला सांगतो, पावती हातात राहते.

आयसीडी, रेक, घाट, पोर्ट

नागपुरात अजनीचा जुना आयसीडी, नंतर मिहान आणि बोरखेडीकडंही टर्मिनल झाली. आयसीडी म्हणजे कोरडं बंदर म्हणा ना, कस्टम्स तिथंच बसतं. कंटेनर आत गेला, कागद तपासले, लेट एक्सपोर्ट ऑर्डर मिळाली की कस्टम्सच्या दृष्टीनं माल निर्यातीला मोकळा. पहिला खरा सांधा हाच, आयसीडीची कंटेनर आत घेतल्याची पावती मागून घ्या, एफसीए असेल तर तुमचा धोका इथं संपल्याचा पुरावा तीच.

मग रेक निघतो, भुसावळ, मनमाड, इगतपुरी. कसारा घाटात ३७ ला १ असा उतार-चढ आहे, बँकर म्हणजे मदतीची जादा इंजिनं लावावी लागतात, पावसाळ्यात दरड आली की मागं सगळं तुंबतं. माझे तर जुलै-ऑगस्टमध्ये रेल्वेच्या बातम्या बघायचं व्यसनच झालंय. कल्याण, दिवा, पनवेल करत गाडी पोर्टात.

न्हावा शेवाला आपण एक बंदर म्हणतो, १९८९ पासून चालू, पण आत वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी टर्मिनल आहेत आणि जहाज कधी कधी ऐनवेळी टर्मिनल बदलतं. रेक एका टर्मिनलला लागला आणि तुमचं जहाज दुसरीकडं, तर मधे ट्रेलरनं हलवावं लागतं, त्यात कटऑफ गेला की कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला, याला रोलओव्हर म्हणतात. म्हणून रेक निघायच्या दिवशी आणि पोचायच्या दिवशी, दोन्ही वेळा लाइनला विचारा, जहाज कुठल्या टर्मिनलला.

कागदांचा राजा

एकच मल्टिमोडल डॉक्युमेंट, किंवा लाइन देते ते कम्बाइन्ड ट्रान्सपोर्टचं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची आणि तो नेण्याच्या कराराची पावती. त्यात चार रकाने नीट भरलेले हवेत. माल घेतला ती जागा: आयसीडी नागपूर. चढवलं ते बंदर: न्हावा शेवा. उतरवलं ते बंदर: हॅम्बुर्ग. द्यायची जागा: प्राग. शेवटचा रकाना कोरा असेल तर लाइनची जबाबदारी हॅम्बुर्गला संपली, तुम्ही पैसे प्रागचे भरलेत तरी.

एलसीवर, म्हणजे कागद बरोबर दिले की पैसे द्यायच्या बँकेच्या हमीवर, धंदा असेल तर इथं डोळ्यांत तेल घाला. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या एलसीत लिहिलं होतं, न्हावा शेव्याहून जहाजावर चढल्याचं बिल ऑफ लेडिंग, शेवटची तारीख ३१. माल आम्ही २२ लाच आयसीडीत दिला, निवांत होतो. रेक चार दिवस थांबला, मग घाटात अडकला, जहाज गेलं, पुढच्या जहाजाची तारीख पडली ५. बँकेनं डिस्क्रिपन्सी, म्हणजे कागद एलसीशी जुळत नसल्याची हरकत, काढली, तिकडच्या खरेदीदारानं माल घेतला पण तीन टक्के कापून. चूक रेल्वेची नव्हती, एलसीचा मसुदा आला तेव्हा मी वाचला नव्हता. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या कलम १९ मध्ये मल्टिमोडल कागद चालतो, त्यात माल आयसीडीत ताब्यात घेतल्याची तारीख शिपमेंटची तारीख धरता येते. फक्त एलसीतच तशी मागणी लिहून घ्यावी लागते, बंदर ते बंदर अशी नव्हे तर नागपूर ते प्राग अशी. आणि कागद बँकेत शिपमेंटपासून २१ दिवसांच्या आत, एलसीत वेगळं नसेल तर.

आणखी एक ओळ, जी बहुतेक जण आळसानं सोडतात. कागदावर "१० पॅलेट" एवढंच लिहू नका, "१० पॅलेटवर ४०० कार्टन" लिहा. कारण सांगतो. १९९३ च्या कायद्यात माल कुठं खराब झाला हे कळलं नाही तर एमटीओची जबाबदारी किलोला २ एसडीआर किंवा नगाला ६६६.६७ एसडीआर, जे जास्त असेल तेवढीच. एसडीआर हे नाणेनिधीचं हिशोबाचं चलन, सोयीसाठी १२० रुपये धरू. एक पॅलेट ८०० किलोचं, माल ९ लाखांचा. कागदावर नुसतं पॅलेट असेल तर तो एक नग, किलोच्या हिशोबानं १६०० एसडीआर म्हणजे १ लाख ९२ हजार, बाकी गेले. कार्टन लिहिलेले असतील तर प्रत्येक कार्टन एक नग, नगाची मर्यादा ८० हजार, आणि कार्टनची किंमत साडेबावीस हजार, म्हणजे पूर्ण नुकसान मर्यादेत बसलं. फरक एका ओळीचा.

समुद्र

इथं तुम्ही काही करू शकत नाही, फक्त आधी विचारून ठेवू शकता. जहाज थेट आहे की कोलंबो, जेबेल अली असं कुठं कंटेनर उतरवून दुसऱ्यावर चढवणार, कारण तो अजून एक सांधा. सुएझमार्गे हॅम्बुर्गला साडेतीन-चार आठवडे धरायचो. २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बऱ्याच लाइन आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून जायला लागल्या, त्यात वर दहा-चौदा दिवस. बुकिंगच्या वेळी त्या जहाजाचा रूट काय ते मेलवर घ्या. आणि उशिरासाठी एमटीओ सहसा जबाबदार धरता येत नाही, वेळेत पोचणं महत्त्वाचं असल्याचं तुम्ही आधी जाहीर केलं आणि त्यानं ते स्वीकारलं असेल तरच.

विमा कशाला, माल तर लोखंड आहे, असं म्हणणाऱ्यांना मी एव्हर गिव्हनची गोष्ट सांगतो. २३ मार्च २०२१ ला ते जहाज सुएझमध्ये आडवं अडकलं, सहा दिवसांनी सुटलं, आणि मालकानं जनरल अॅव्हरेज जाहीर केलं. म्हणजे जहाज वाचवायच्या खर्चात वरच्या प्रत्येक माल मालकाचा हिस्सा, तुमच्या खोक्याला ओरखडा आला नसला तरी. हमी दिल्याशिवाय माल सोडत नाहीत. विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते, नसेल तर रोख भरा.

हॅम्बुर्ग ते प्राग

हॅम्बुर्ग युरोपातलं रेल्वेचं सगळ्यात मोठं बंदर समजतात, आणि चेक लोकांचं ते जुनं दार आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहात चेकोस्लोव्हाकियाला तिथं बंदराचा एक तुकडा ९९ वर्षांच्या भाड्यानं मिळाला, मोल्डाउहाफेन, मुदत २०२८ पर्यंत. मला हे कळलं तेव्हा त्या बुटीबोरीवाल्यांना लगेच फोन करून सांगितलं, की बघा, प्रागला समुद्र नाही असं कोण म्हणतं.

कंटेनर हॅम्बुर्गला उतरला तरी ड्युटी तिथंच भरायची गरज नसते. टी१ नावाचं ट्रान्झिट डिक्लरेशन करून सीलबंद कंटेनर रेल्वेनं प्रागला जातो आणि ड्युटी तिथं भरतात. मेट्रान्स या कंपनीच्या कंटेनर गाड्या हॅम्बुर्ग-प्राग नेहमी चालतात, त्यांचं टर्मिनल प्रागच्या कडेला उहर्झिनेव्हेसला आहे. टी१ कोण काढणार आणि तिकडचं कस्टम्स कोण करणार हे आधीच ठरवा, सीआयपीत आयातीचं काम गिऱ्हाइकाचं. त्याचा एजंट झोपलेला असेल तर कंटेनर टर्मिनलमध्ये फ्री डेज खात बसतो.

दार उघडताना

गिऱ्हाइकाला आधीच मेल टाकून ठेवा: सील तोडायच्या आधी नंबर जुळवा, फोटो काढा, मग तोडा. खोका फुटलेला दिसला तर डिलिव्हरीच्या कागदावर तिथल्या तिथं लिहा. वरून न दिसणारं नुकसान असेल तर आपल्या कायद्यात सहा दिवसांच्या आत लेखी कळवायचं, नाहीतर माल ठीक मिळाला असं धरतात. दावा लावायची मुदत नऊ महिने, आणि ठरल्या तारखेनंतर ९० दिवसांत माल आलाच नाही तर हरवला असं समजता येतं. बिल ऑफ लेडिंगच्या मागं छापलेल्या मुदती वेगळ्या असू शकतात, त्यात जी लवकरची असेल ती कॅलेंडरवर टाका. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत माल हलवू नका.

रिकामा कंटेनर कुठल्या डेपोत परत द्यायचा ते पण लेखी घ्या. प्रागला द्यायचा की हॅम्बुर्गला, यावर शेकडो युरोंचा फरक पडतो.

इकडे तुमचं एक काम उरतंच. जहाज सुटल्यावर आठ-दहा दिवसांनी आयसगेटवर जाऊन आपल्या शिपिंग बिलाचं ईजीएम, म्हणजे माल देशाबाहेर गेल्याची नोंद, लागलं का बघा. आयसीडीच्या मालात ही गडबड नेहमीची, आयसीडीची नोंद एक, पोर्टवरची नोंद दुसरी, कंटेनर नंबरात किंवा नगांच्या संख्येत फरक, आणि मग ड्रॉबॅक, रोडटेप (निर्यातीवर परत मिळणारे कर), आयजीएसटी भरला असेल तर त्याचा रिफंड, सगळं लटकतं. कुणी फोन करून सांगत नाही. त्या बुटीबोरीवाल्यांचं पण लटकलं होतं, पोर्टच्या नोंदीत ४०० कार्टनच्या जागी १० नग पडले होते, लाइनच्या ऑफिसला चार मेल आणि दोन चकरा झाल्यावर सुधारलं. तोवर प्रागहून फोटो आला होता, सील नंबर जुळलेला, पॅलेट कोरडे, आणि खाली एक ओळ, पुढच्या वेळी चाळीस फुटी पाठवाल का.